सहा गावं, तीन पिढ्या

पुस्तकातला मधुमेही जाड असतो आणि पन्नाशी-साठीतला असतो. १९८० च्या दशकात ऑक्सफर्डमधलं प्रशिक्षण आटोपून डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याच्या केईएम रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा त्यांच्यासमोर येऊन बसणारे रुग्ण या वर्णनात बसेनात. कोणी चाळिशीतला, कोणी त्याच्याही आतला. हातपाय काटकुळे, शर्टाच्या बटणांवर ताण देणारं पोट, वजनाचा काटा मात्र ‘सर्वसाधारण’ सांगणारा. इंग्रजी कोष्टकांनुसार या माणसांना मधुमेह व्हायचं कारण नव्हतं. तो झालेला होता, आणि युरोपातल्या रुग्णापेक्षा दहाएक वर्षं आधीच.

केईएमच्या डायबेटिस युनिटची पुढची सगळी वाटचाल या विसंगतीतून निघालेली आहे. ती सांगण्याआधी रुग्णालयाविषयी थोडं सांगायला हवं, कारण हे युनिट भलत्या ठिकाणी असतं तर त्याला हा प्रश्न कदाचित पडलाही नसता.

रास्ता पेठेतलं हे केईएम १९१२ सालचं. परळच्या केईएमचा आणि याचा संबंध सातव्या एडवर्डच्या नावापुरता. पुण्याच्या पूर्व भागातल्या दोन-तीन पिढ्यांना ते ठाऊक आहे ते बाळंतपणाचं रुग्णालय म्हणून. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये इथे आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं होतं. त्यांनी ते वाढवलंच, शिवाय १९७२ मध्ये संशोधन केंद्र काढलं आणि १९७० च्या दशकातच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. रुग्ण दारात येईपर्यंत वाट बघत बसायची नाही, आपण गावात जायचं, हा त्यांचा खाक्या. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या प्रकारच्या कामासाठीच. याज्ञिकांना ही शिस्त आयती मिळाली. आणि मिळालं आणखी एक, जे निव्वळ मधुमेहाच्या दवाखान्यात कधीच मिळालं नसतं : एका जिन्याच्या अंतरावर नवजात बाळांचा विभाग आणि जन्मवजनांच्या नोंदी.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचा साथरोगतज्ज्ञ अशाच जुन्या नोंदींच्या मागे लागला होता. हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य-अधिकारी बाईंनी १९११ पासून एक पद्धत घालून दिली होती. सुईणींनी प्रत्येक बाळाचं जन्मवजन लिहायचं, परिचारिकांनी घरी जाऊन वर्षाचं झाल्यावर पुन्हा वजन घ्यायचं, आणि सगळं खतावणीत उतरवायचं. सत्तर वर्षांनी त्या खतावण्या बार्करच्या हाती लागल्या. त्यातली बाळं आता म्हातारी झाली होती, काही गेली होती. १९८९ मध्ये त्याने दाखवून दिलं की, जन्मतः किंवा वर्षाच्या वयाला हलके असलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त प्रमाणात मेले. दोन वर्षांनी मधुमेहाबद्दलही तसंच आढळलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पोटात अन्न कमी पडलं की बाळ मेंदूची सोय आधी लावतं आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्यावर काटकसर करतं. ही काटकसर आयुष्यभर अंगात राहते. पुढे सुबत्ता आली की तीच अंगाशी येते.

बऱ्याच जणांनी बार्करला वेड्यात काढलं. पुण्यात मात्र ते वाचून कोणाला हसू आलं नसावं. कमी वजनाची बाळं इथे रोज जन्मत होती. जे इंग्लंडमध्ये इतिहासजमा झालं होतं ते इथल्या वॉर्डात पाळण्यात होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याज्ञिक, बार्कर आणि बार्करच्या साउथॅम्प्टन इथल्या सहकारी कॅरोलिन फॉल एकत्र आले. बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. आशिष बावडेकर सोबत होते.

पहिला प्रयोग साधा होता. १९८७ ते ८९ या काळात केईएममध्ये जन्मलेली मुलं चार वर्षांची झाली होती. त्यांना बोलावून ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि अर्ध्या तासाने रक्त तपासलं. जन्मतः हलकी असलेल्या मुलांची साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त भरलं. चार वर्षांच्या पोराच्या रक्तात मधुमेहाची चाहूल! १९९५ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. तीच मुलं आणि आणखी काही, अशी ४७७ मुलं आठव्या वर्षी पुन्हा तपासली, तेव्हा गोष्ट आणखी टोकदार झाली. सगळ्यांत वाईट खूण होती ती जन्मतः लहान पण आठव्या वर्षी अंगाने भरलेल्या मुलांत. म्हणजे नुसतं लहान जन्मणं नव्हे, तर लहान जन्मून नंतर भराभर मोठं होणं. बाळाने बाळसं धरलं म्हणून दृष्ट काढणाऱ्या आपल्या घरांना हे पचायला जड आहे. डॉक्टरांनाही जडच गेलं असणार, कारण कुपोषित मुलाचं वजन वाढवणं हा तर त्यांचा धर्म.

याच रुग्णालयात याला समांतर आणखी एक काम चालू होतं, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो. डॉ. सुधा चौधरी यांनी त्याच १९८७ ते ८९ च्या काळातली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं थेट अठरा वर्षांपर्यंत पाहिली. त्यांचा प्रश्न साखरेचा नव्हता, बुद्धीचा आणि शाळेचा होता. यातली बहुतेक मुलं शाळेत गेली, शिकली. पण बुद्ध्यंकाची सरासरी पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा खाली राहिली, आणि जी वेळेआधीही जन्मली होती व पोटातही खुरटली होती ती सर्वांत मागे पडली. नवजात शिशुविभागातून बाळ ‘सुखरूप घरी गेलं’ असा शेरा मारला की फाइल बंद होते. ती अठरा वर्षं उघडी ठेवणं हे माझ्या मते या रुग्णालयाचं मोठं वैशिष्ट्य.

जुन्या नोंदींची एक मर्यादा असते. वजन कळतं, पण ते कमी का भरलं ते कळत नाही. आई काय खात होती, किती राबत होती, तिच्या रक्तात काय होतं आणि काय नव्हतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून १९९३ मध्ये युनिटने उलट्या टोकाने सुरुवात केली. पुण्याजवळच्या कोरडवाहू भागातली सहा गावं निवडली आणि लग्न झालेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या बायकांची यादी केली. २,६७५ निघाल्या, त्यांतल्या २,४६६ तयार झाल्या. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हे याचं नाव. आहाराची बाजू आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली.

या कामाचा गाडा कसा चालला असेल याचा विचार करावा. फील्डवर्कर ताईंनी दर महिन्याला घरोघर जायचं आणि पाळीची तारीख विचारायची. सासू ओसरीत बसलेली असताना नव्या सुनेला हा प्रश्न विचारायचा, आणि तोही वर्षानुवर्षं. पाळी चुकली की सोनोग्राफी. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला आहार, रक्त, कामाची नोंद. कळा कुठे सुरू होतील ते कोणाच्या हातात नव्हतं. पण बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत मापं घ्यायचीच, मग ते घरात जन्मलेलं असो की दवाखान्यात. वजनाचा स्प्रिंगचा काटा, लांबी मोजायची फळी, टेप आणि कॅलिपर हे सगळं बरोबर न्यायचं. जून १९९४ ते एप्रिल १९९६ या काळात साडेसातशेच्या आसपास बाळं अशी मापली गेली.

या आया कशा होत्या? सरासरी वय २१. उंची पाच फुटांच्या किंचित खाली. दिवस जाण्याआधीचं वजन ४१.७ किलो. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम, आणि शंभरातली २८ बाळं अडीच किलोच्या खाली. शोभा रावांच्या चमूने आहार मोजला तेव्हा अपेक्षा अशी होती की, जी जास्त भाकरी खाईल तिचं बाळ जास्त भरेल. तसं झालं नाही. एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा जन्मवजनाशी ठळक संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाजी, फळं आणि दूधदुभतं यांच्याशी. ज्या बाईच्या ताटात हे वरचेवर होतं तिचं बाळ मोठं. दुसरा संबंध कामाशी. पाणी शेंदणं, धुणी, शेतातली खुरपणी-काढणी यांचा भार ज्यांच्यावर जास्त त्यांची बाळं हलकी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘आईने नीट खाल्लं नाही’ असं या आकड्यांवरून कोणी म्हणेल, आणि म्हणतातही. त्या बाईच्या हातात काय होतं? भाजी करायची ती, पण पानात उरेल तेवढी तिची. दूध डेअरीला जाणार. पोटातलं बाळ फार वाढलं तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून शेवटच्या महिन्यांत हात आखडता घ्यायला सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायका घरोघरी होत्या, आणि दवाखाना लांब असेल तर त्यांचं भय खोटंही म्हणता येत नाही. डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर हंडा, असं हे सगळं आहे.

आता कॅलिपरबद्दल. हे चिमट्यासारखं साधन. कातडीची घडी दोन बोटांत धरायची, त्यावर चिमटा लावायचा आणि खालच्या चरबीची जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची. दंडाच्या मागे एक माप घेतात, दुसरं पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली. पुण्याच्या बाळांची ही मापं साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याचं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं साडेतीन किलोचं. पोटाचा घेर आणि दंड यांत पुण्याचं बाळ फारच मागे; म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयव लहान, स्नायू तुटपुंजे. डोकं त्या मानाने शाबूत. आणि पाठीवरची चरबी जवळजवळ तिकडच्या बाळाइतकीच! पावणेतीन किलोच्या, हाडं मोजून घ्यावीत अशा दिसणाऱ्या बाळाने चरबी तेवढी राखून ठेवलेली होती. २००३ मध्ये याज्ञिकांनी या बाळाला नाव दिलं, ‘थिन-फॅट इंडियन बेबी’. अंगाने किडकिडीत, चरबीने गुबगुबीत. त्याआधीच्या वर्षी त्यांनी पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासून हेच दुसऱ्या वाटेने दाखवलं होतं. वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त होतं. पोट सुटलेल्या चाळिशीतल्या रुग्णाचा आराखडा जन्मदिवशीच तयार होता.

हे लोकांना पटवायचं कसं? २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक पानभर मजकूर आला. त्यात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे फोटो शेजारी शेजारी. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. शेकडो पानांचे प्रबंध जे करू शकले नाहीत ते या दोन फोटोंनी केलं. संशोधकाने स्वतःचंच पोट पुरावा म्हणून मांडायचं, हा विनोद मला फार आवडतो.

युनिटने मुलांचा पिच्छा सोडला नाही. दर सहा महिन्यांनी उंची-वजन, आणि सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पूर्ण तपासणी. सहाव्या वर्षीच्या तपासणीत कोणी अपेक्षा केली नव्हती असं काही हाती आलं. या मुलांच्या आयांचं गरोदरपणातलं रक्त जपून ठेवलेलं होतं. त्यात बी-१२ जीवनसत्त्व पाहिलं तर निम्म्याहून कितीतरी जास्त जणींमध्ये ते कमी. फोलेट मात्र जवळपास सगळ्यांचं उत्तम, कारण पालेभाजी थोडीफार होतीच आणि सरकारी लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्याही होत्या. बी-१२ मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. माळकरी घर असेल आणि दूध डेअरीत जात असेल तर ते येणार कुठून? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. बी-१२ अगदी कमी असलेल्या आयांची मुलं नवव्या वर्षी लक्ष आणि स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत मागे पडली, हेही त्याच वर्षी दिसलं.

ही दोन जीवनसत्त्वं जोडीने काम करतात. पेशीत जनुकांवर मिथाइलच्या खुणा लावायच्या आणि कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवायचं, तर त्या रसायनशाळेत दोघांची गरज लागते. एक भरपूर आणि दुसरं अपुरं असलं की हिशेब बिघडतो आणि होमोसिस्टीन नावाचं अपायकारक अमिनो आम्ल साचतं. आपण गरोदर बाईला जोडीतलं एकच देत आलो होतो.

मग प्रश्न पिढ्यांचा. एका पिढीचा उपवास पुढच्या किती पिढ्यांत उतरतो? माणसांत हे पाहायला शतक जाईल. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर यांनी, जे पुढे ऑस्ट्रेलियात गेले, याज्ञिक आणि इतर सहकाऱ्यांसोबत ते उंदरांत पाहिलं. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा हा वंश. त्यांची पिल्लं लहान, बी-१२ कमी, होमोसिस्टीन जास्त, मधुमेहाला चटकन बळी पडणारी. त्यानंतर दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी चयापचयातला बिघाड गेला नाही. २०१५ मध्ये हे छापून आलं. आपल्याकडच्या दुष्काळांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला की हा प्रयोग निव्वळ उंदरांचा राहत नाही. एक पिढी बरी खाऊ लागली की सगळं सुरळीत होईल, या सरकारी आशावादाला तो अडचणीचा आहे एवढं नक्की.

मुंबईत याच वाटेने आणखी एक मोठा प्रयत्न झाला. झोपडपट्टीतल्या साडेसहा हजारांच्या आसपास बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, सुकामेवा, दूध. दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं कमी सत्त्वाचं. डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलिन फॉल यांच्या या प्रयोगात एकंदर जन्मवजनात काही फरक पडला नाही. गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन ४८ ग्रॅमने वाढलं. त्यातही फायदा झाला तो मुळात अंगाने बऱ्या असलेल्या बायकांना. अगदी बारीक बायकांच्या बाळांना काहीच नाही. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आला. ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांना सर्वांत कमी लाभ, हे वाचून मन खट्टू होतं. पण त्यातून वेळेविषयी कळतं ते महत्त्वाचं : दिवस गेल्यावर सुरुवात करणं म्हणजे उशीरच.

तोवर पुण्याच्या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली होती. आईबापांपेक्षा उंच झालेली ही पिढी. कॉलेजला जाणारी, चाकणच्या कारखान्यांकडे बघणारी. ६१९ जणांची तपासणी झाली. ४८ टक्के अजूनही कमी वजनाचेच. आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली साखरेच्या सीमारेषेवर! बॉडी मास इंडेक्स १८.५ च्या खाली आणि साखर वर, हे जगात कुठल्याही पुस्तकाला न पटणारं चित्र. मागे वळून नोंदी चाळल्या तर त्यांचा माग लागला. पोटात वाढ अपुरी झालेली, सहाव्या आणि बाराव्या वर्षीच उपाशीपोटीची साखर इतरांपेक्षा थोडी वर. नोंदी तुटल्या असत्या तर हा धागा जुळलाच नसता. रास्ता पेठेतल्या बानू कोयाजी इमारतीतल्या या युनिटचं खरं भांडवल कोणतं यंत्र नसून तीस वर्षं न तुटलेली ही नोंदवही आहे, असं मी म्हणेन. आणि ती टिकली त्याचं श्रेय घरोघर हिंडणाऱ्या ताईंना आणि दार उघडणाऱ्या गावांना.

२०१२ मध्ये युनिटने निरीक्षणाच्या जोडीला हस्तक्षेपही सुरू केला. ‘प्रिया’ या नावाने चाललेल्या या चाचणीत त्याच गावांतली तीच मुलं-मुली सोळा-सतरा वर्षांची असताना घेतली, ५५७ जण. एका गटाला रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला बी-१२ सोबत इतर सूक्ष्म पोषकं, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. गोळी चालू ठेवायची ती पहिल्या बाळंतपणापर्यंत. म्हणजे मुलगी शाळा सोडणार, लग्न होऊन सासरी जाणार, आणि गोळी तिच्यामागून जाणार. दोन मायक्रोग्रॅम ही मात्रा औषधाची नव्हे. थोडं दूध-दही रोज पानात आलं तर भागेल इतकीच. मुलगेही मुद्दाम घेतले होते, कारण उद्याच्या बाळाला बापही असतो, आणि हे आपल्याकडे विसरायची सवय आहे.

त्यातून जन्मलेली बाळं ही तिसरी पिढी. त्यांच्या आज्यांची नावं १९९३ च्या यादीत आहेत. ही मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांच्या आकलनाची आणि भाषेची चाचणी घेतली. एकट्या बी-१२ वर असलेल्या आयांच्या मुलांना दिखाऊ गोळीवाल्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. बी-१२ सोबत इतर पोषकं मिळालेल्या गटात तसा फरक दिसला नाही, आणि तो का दिसला नाही याचं उत्तर सोपं नाही. शिवाय मुलांची संख्या लहान आहे. साखरेचा हिशेब तर ही मुलं मोठी होतील तेव्हाच लागणार.

धोरणाच्या पातळीवर गाडी अजून पहिल्या स्थानकावर आहे. २०१८ मध्ये देशभर राबवलेल्या अॅनिमियामुक्त भारत मोहिमेत किशोरवयीन मुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी ठरवली गेली. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आहे. बी-१२ नाही.